एक तांब्या गरम पाणी

मला थांबणं जमत नाही. चहा उकळायच्या आधीच मी गाळून मोकळी होते. आणि गाडी मिळाली ती थांबायला लावणारी. जुनी, कार्बोरेटरची. आमच्या कडाव गावात थंडी पडली की सकाळी हटून बसायची. पण आमचे हे माझ्याआधी उठून ती चालू करून ठेवायचे. मी फक्त बसायचे आणि कर्जतला कामावर निघायचे. माझं दुखणं एकच होतं, रोज माझ्या अंघोळीच्या गरम पाण्यातला एक तांब्या गायब असायचा. काचा पुसायला नेत असतील, म्हणून मी रोज कटकट करायचे. हे ओला फडका दोरीवर वाळत घालायचे.

गेल्या पौषात एका सकाळी ह्यांचा दमा उसळला. दम्याचा पंप मारूनही छाती सुटेना. शेजारचा टेंपो दूध घेऊन गेलेला, ॲम्ब्युलन्सला अर्धा तास लागणार होता. मी ह्यांना कसंबसं गाडीत बसवलं, चोक ओढला, किल्ली फिरवली. नाही. पुन्हा फिरवली. नाही. मग एक्सिलरेटरवर पाय मारतच सुटले. पेट्रोलचा भपकारा आला. मी स्टिअरिंगवर हात आपटला, मला रडूच फुटलं.

ह्यांनी माझं मनगट धरलं. एकेका शब्दाला श्वास गोळा करत म्हणाले, "पेट्रोल जास्त झालं. चोक आत ढकल. तुज्या आंगोळीचं पानी आन. फडका भिजवून कार्बोरेटरला गुंडाळ. मग थांब."

श्वास ह्यांचा अडकलेला आणि थांबायला मला सांगतात! कढत पाणी आणलं, बॉनेट उघडून भिजवलेला फडका गुंडाळला, वाफा निघायला लागल्या. मी अंगणात येरझाऱ्या घातल्या, घड्याळ बघितलं, दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. खिडकीतून ह्यांचा हात नुसता खाली खाली करत होता, सबूर, सबूर. पाच मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत. मग एक्सिलरेटर पूर्ण दाबून किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि चालू झाली.

कर्जतच्या दवाखान्यात वाफ दिल्यावर ह्यांची छाती मोकळी झाली. डॉक्टर रागावले. दमा असताना रोज सकाळी गारठ्यात बाहेर कशाला जाता, म्हणाले.

"हिची गाडी गरम कराया."

मला मान वर करवेना.

आता फडका मीच गुंडाळते. हे घरातून विचारतात, "पानी पुरलं का गं आंगोळीला?"

पुरलं, म्हणते मी. पुरत नाही.