फोनचा डावा कोपरा

आमच्या घरात माझ्यासाठी कपडे विकत आणल्याचं मला आठवत नाही. आई मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. वर्ष संपलं की मुली आपापल्या गावी जायच्या आणि आखूड झालेले फ्रॉक, स्वेटर मागे टाकून जायच्या. वॉर्डनबाई ते आईला द्यायच्या. धुण्यात कपडे मिसळू नयेत म्हणून प्रत्येकीच्या कपड्यावर आतल्या बाजूनं लाल दोऱ्यानं तिचा नंबर घातलेला असे. आई तो दोरा सुईनं उसवायची, पण सुईची भोकं राहायचीच. शाळेत एखादी मागून माझी कॉलर उलटून बघायची आणि ओरडायची, "ही तर एकोणीस नंबर!" मग त्या दिवशी मला कुणी नावानं हाक मारायचं नाही.

वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार. गाळप संपलं की घरी. त्या महिन्यांत वसतिगृहातल्या उरलेल्या भाकरी आई पदराखाली झाकून आणायची. चोरून नाही, विचारूनच आणायची, पण झाकून. मी दहावीत असताना वडील गेले. पुढं आईनं वसतिगृहाच्या भाकरी थापून थापून मला बी.कॉम. केलं. आमच्या घराण्यात, आईकडच्या आणि वडिलांकडच्याही, माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. हे मी कुणालाही सांगते आणि ऐटीत सांगते. पुढचं मात्र ऐटीत सांगण्यासारखं नाही.

नोकरी लागली तेव्हाच मी ठरवलं होतं की दुसऱ्याचं वापरलेलं आता अंगाला लावायचं नाही. पुण्यात बँकेत अधिकारी झाले. फोन जरा रेंगाळायला लागला की मी नवा घेते. आणि जुना आईला देते. शेवगाव तालुक्यातल्या आमच्या छोट्या गावात आईच्या वयाच्या कुठल्याही बाईकडे असा फोन नाही, हे मी बँकेत दोघी-तिघींना बोलूनही दाखवलं होतं.

गेल्या वर्षी आमच्या आणि आजूबाजूच्या चर्चच्या लोकांनी मिळून पवित्र देशाच्या यात्रेचं ठरवलं. जॉर्डन आणि जेरुसलेम. तिकडच्या लढाईमुळे ती एकदा पुढं ढकलली गेली, मग पुन्हा ठरली. आईनं आपल्या पैशानं नाव नोंदवलं आणि मग मला कळवलं. मला ते लागलं. तिला साखरेचा त्रास आहे, दोन वेळा गोळ्या असतात. मी फोनवरच अट घातली, "तिकडं तुझा फोन चालणार असेल, रोज माझ्याशी बोलणं होणार असेल, तरच जायचं. नाहीतर नाव काढून घ्यायचं."

आई म्हणाली, "बरं बये."

मी परवानगी देत होते. ज्या बाईनं मला वाढवलं तिला. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

यात्रेची व्यवस्था एक निवृत्त मुख्याध्यापक बघत होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांनी एका रविवारी उपासना झाल्यावर सगळ्यांना फोन घेऊन चर्चच्या आवारात थांबायला सांगितलं. मीही पुण्याहून आले होते. लिंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. गुरुजी उभे राहून शिकवायला लागले, "तिकडं गेल्यावर दुकान हुडकून सिम घ्यायची गरज नाही. हे ई-सिम. मी तुम्हाला कागदावर एक चौकोनी नक्षी देणार, ती फोननं टिपली की सिम आत. आपलं इकडचं सिम जागच्या जागी राहतं."

आमच्या शेजारच्या मावशींनी विचारलं, "खाचंत काईच घालायचं न्हाई?"

"नाही."

"दिसत न्हाई, पन आत असतं?"

"असतं."

"मंग सोपंच की! न बघता इस्वास ठिवायची सवयच हाय आपल्याला."

चर्चचे पाळकसाहेबसुद्धा हसले.

गुरुजी म्हणाले, "पण प्रत्येक फोनमध्ये ते चालत नाही. म्हणून आज तपासणी. नंबर लावतो तिथं स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबायचं. आकडे येतील. त्यात ई.आय.डी. लिहिलेला एक लांबलचक आकडा असला तर पास. नसला तर नापास."

म्हाताऱ्या माणसांची बोटं भलतीकडेच जायला लागली तशी मी पुढं झाले. खुर्ची दिली मला कुणीतरी. एकेक जण फोन घेऊन येत होता, "बाई, आमचा निकाल बघा बरं," आणि मी झटझट दाबून सांगत होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. याच आवारात लोकांनी मला दुसऱ्यांच्या फ्रॉकमध्ये बघितलेलं होतं.

मावशींचा फोन नापास झाला.

"गुरुजी, फेरपरीक्षा कवा?"

"लेकाचा फोन घेऊन या मावशी, लगेच पास करतो."

"त्यो बायकूला हात लावू देत न्हाई त्याला, मला कशाचा देतोय!"

आई पुढं येतच नव्हती. रिकाम्या झालेल्या सतरंज्या झटकत होती. मी हाक मारली तर म्हणाली, "आधी बाकीच्यांचं हू दे."

मी मोठ्यानं म्हणाले, "अगं आण की! माझाच फोन होता तो, नापास कसा होईल?"

आईनं पिशवीतून फोन काढला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला. "तूच दाब. माझ्या बोटाला त्यो तारा उठत न्हाई. तुझ्या बोटाला उठंल."

इथं थोडं मागचं सांगायला हवं. हा फोन दिल्यापासून आई मला म्हणत होती की यावर लिहायला जमत नाही. आई सातवी शिकलेली आहे, चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचते, तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण फोनवर लिहायचं म्हटलं की अडायची. मी तिला फोनवरूनच शिकवायचे आणि चिडायचे. "बोट नीट दाब गं. हळू नको, जोरात. नखानं नको." एकदा वैतागून म्हणाले, "भाकरी थापून थापून तुझी बोटं निबर झालीत. फोनला कळतच नाहीत ती." त्यावर ती हसली होती. पुन्हा लिहिण्याचं तिनं काढलं नाही. मला वाटलं, चला, सुटले.

तर मी स्टार दाबला. उठला नाही. ओढणीनं काच पुसून पुन्हा दाबला. नाही. अंगठ्यानं दाबला. हॅश उठत होता, शून्य उठत होतं, पण डावीकडचा खालचा पट्टा मेलेला होता. माझं बोट मऊ आहे, बँकेतलं आहे. त्यालाही काही झालं नाही.

आई वाकून बघत होती. म्हणाली, "म्हंजी बोटाचं न्हवतं व्हय?"

तक्रार नव्हती त्यात. तिला खरंच बरं वाटलं होतं. तिनं आपली बोटं वर करून बघितली.

मावशींना राहवलं नाही. "अगं बया! आन ही रोज भांडी झाल्यावर बोटांना खोबरेल चोळत बसती! म्हनली, लेक म्हनती बोटं निबर झाली, फोनला कळंना. मी म्हनलं, लोनी लाव, लौकर मऊ व्हतील!"

लोक हसले. त्यांच्या दृष्टीनं तो एक विनोद झाला. मला खुर्चीवरून उठता येईना आणि बसवेनाही.

कारण मला माहीत होतं. तो कोपरा माझ्याकडे असतानाच अधूनमधून अडायला लागला होता. म्हणून तर मी तो फोन बदलला. पुसून, नवं कव्हर घालून आईला देताना माझ्या मनात आलं होतं की तिला काय, हिरवं बटन दाबून बोलायचं तर आहे. मग मी ते विसरून गेले. विसरून गेले ते इतकं की तिच्या बोटांना नावं ठेवली.

गुरुजींनी माझ्या हातातून फोन घेतला आणि सेटिंगमध्ये जाऊन शोधलं. "नाही यात ई-सिम," ते हळू म्हणाले. "मॉडेल जुनं आहे. हरकत नाही, तिथं दुसऱ्या कुणाच्या फोनवरून बोलतील."

पण आईनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"मंग म्या जायाचं न्हाई का?"

सगळ्यांसमोर. पाळकसाहेबांसमोर, मावशींसमोर. आई एवढी मोठी, आणि लेकीला विचारत होती की जाऊ का. कसंबसं "जायचं, जायचं" म्हणाले आणि माझा स्वतःचा फोन तिच्यापुढं धरला. "हा घे. यात चालतं. मी बघते माझं."

आईनं तो हातातही घेतला नाही. "नको. तुझा तुला ऱ्हाऊ दे. मला माझा पायजे."

सोमवारी मी रजा टाकली. आम्ही एस.टी.नं शेवगावला गेलो. मोबाईलच्या दुकानातला पोरगा सवयीनं माझ्याशीच बोलायला लागला, "मॅडम, मावशींसाठी साधाच दाखवू ना? मोठ्या अक्षराचा?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, "फोन मला घ्यायचाय. माझ्यासंगं बोला."

"बोला मावशी."

"ई-शिम चालतं असा दाखवा."

त्यानं माझ्याकडे चमकून बघितलं. मी काचेतल्या कव्हरांकडे बघत राहिले.

"हा बघा, एकदम भारी. चालतं यात."

"चालतं म्हनू नका. आकडा दाखवा."

पोरानं दाबलं. आकडे आले, पण त्यात ई.आय.डी. नव्हता. "ह्याच्या वरच्या मॉडेलला आहे मावशी."

"मंग तसं म्हना की. माझ्याकडं असला एक हाय घरी."

वरचं मॉडेल त्यानं काढलं. तवा तापला का बघतात तसं आईनं काचेच्या चारही कोपऱ्यांना हलकंच बोट लावून बघितलं. मग स्वतः नंबर लावला. तारा उठला. ती थांबली, माझ्याकडे न बघता पुढचं दाबलं आणि तो लांबलचक आकडा आला. "ह्यो द्या," ती म्हणाली. पैसे तिनं दिले. मी पाकीट काढलं होतं, ते तसंच हातात राहिलं. बिलावर नाव कुणाचं, असं पोरानं विचारलं तेव्हा तिनं आपलं पूर्ण नाव सांगितलं, माझ्या वडिलांच्या नावासकट.

बसला वेळ होता. आम्ही स्टँडवरच्या बाकावर बसलो. ती फोनमध्ये डोकं घालून होती. माझा फोन वाजला. बघते तर शेजारी बसलेल्या आईचा निरोप होता, "चहा पिऊ."

चहा पिताना मी म्हणाले, "आई, माझं चुकलं."

ती बशीत चहा ओतत होती. ओतता ओतताच म्हणाली, "म्या महिला मंडळाची चिटनीसकी सोडली ना, ती त्याच्यापायी. आता समदं त्या ग्रुपवर लिवावं लागतं. म्हनलं, आपली बोटं गेली कामातनं. दुसऱ्या बाईला द्या म्हनलं."

हे मला माहीत नव्हतं. चिटणीसपद सोडलं हे तिनं सांगितलं होतं आणि मी म्हणाले होते, बरं झालं, आता आराम कर.

"लई वरसं केलं हुतं म्या ते," आई म्हणाली.

तिनं रागावून चार शब्द ऐकवले असते तर मी रडून मोकळी झाले असते. ती रागावली नाही. चहा संपवून कप-बशी टपरीवाल्याला नेऊन दिली आणि बस लागली का बघायला उठली.

जायच्या आदल्या आठवड्यात गुरुजींनी कागद वाटले. पाळकसाहेबांच्या घरी वायफाय होतं, तिथं बसून आईनं ती नक्षी स्वतः टिपली. मी बाजूला होते, पण हात मागं बांधून. एकदा चुकलं, कागद हलला. दुसऱ्या वेळी झालं.

तिकडं उतरल्यावर दुपारी बँकेत मला तिचा निरोप आला. "पोहोचले. गोळी घेतली. जेवण फिकं आहे." आणि संध्याकाळी आणखी मोठा, दुसऱ्या दिवशी त्याहून मोठा. रस्ते, दगड, ऑलिव्हची झाडं, यार्देन नदी आमच्या गोदावरीपुढं किती लहान, कुठल्या बाईचे पाय सुजले, कोण कुणाशी भांडलं. याआधी रोज फोनवर आम्ही दोन-तीन मिनिटं बोलायचो, जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवते. मला वाटायचं आईकडे सांगण्यासारखं एवढंच असतं. ते लांब निरोप मी काउंटरमागे बसून वाचायचे आणि कुणी बघत नाही ना हे आधी बघून घ्यायचे, कारण डोळे भरायचे आणि कारण विचारलं तर सांगता आलं नसतं.

आई यात्रा पूर्ण करून सुखरूप परत आली. फोन तिचा आहे, तिच्या पैशाचा आणि तिच्या नावाचा. त्यावर ती रोज लिहिते.