रेवा, आणि गोवराचा दहीभात

आमची रेवा गोवराने गेली.
अंगावरचा गोवर पार बरा झाल्यानंतर नऊ वर्षांनी.

लिहिण्यात चूक झालेली नाही. पुन्हा वाचा.

आज तिला जाऊन वर्ष झालं. वर्षभर कोणी विचारलं की "मेंदूचा आजार" एवढं सांगून मी मोकळी व्हायचे. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या, जन्म बँकेत घालवलेल्या बाईला असं अर्धवट सांगणं शोभत नाही. आज पूर्ण सांगते.

रेवा माझ्या भाचीची मुलगी. भाची मनीषा अकोल्याला असते, माहेर वलगावचं. रेवा सात महिन्यांची असताना मनीषा माहेरी आली होती. मीही अमरावतीहून गेले होते.

शेजारच्या शांताकाकूंच्या पाच वर्षांच्या नातीला गोवर निघाला होता. तिला लस दिलेली नव्हती. का, तर "सुईनं लेकरू तापते."

आमच्याकडे गोवर निघाला की डॉक्टर नाही. दाराला कडुलिंबाचा पाला, घरात फोडणी बंद. पुरळ मावळायला लागलं की मातामायला, म्हणजे गोवराच्या देवीला, दहीभाताचा नैवेद्य, आणि तोच आजूबाजूच्या लेकरांना बोलावून जेवायला. काकूंनी तर चौथ्या दिवशीच घाई केली.

दारात येऊन म्हणाल्या, "ताई, लाहान्या पोरीले पन आना. मातेचं जेवन हाय, नाही म्हनू नोका."

माझा या सगळ्यावर काडीचा विश्वास नाही. तरी उठले.
शिकलेली बाई शिष्ट असते, असं गावाने म्हणू नये म्हणून.

रेवाला मीच उचललं. काकूंची नात खोकत होती, डोळे लाल. मी तिच्या शेजारी बसले, रेवा माझ्या मांडीवर. काकूंनी बोटभर दही रेवाच्या जिभेला लावलं. ती हसली.

दहा-बारा दिवसांत रेवाला ताप आला, मग पुरळ. आठवड्यात खडखडीत बरी.
काकू म्हणाल्या, "बरं झालं, लाहानपनीच निंगून गेलं."
आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

गेलं नव्हतं.

रेवा मोठी झाली ती माझ्यासारखीच, तोंडाळ. मला आत्याआजी म्हणायची. मी पोक काढून टीव्ही बघत असले की मागून माझाच आवाज काढायची, "सिट स्ट्रेट, आत्याआजी."

दुसरीत तिचं अक्षर बिघडलं. हातातून वाटी पडायला लागली. शाळेतून चिठ्ठी आली: लक्ष नाही. दिवाळीच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली, तेव्हा मी रोज दोन पानं शुद्धलेखन लावलं. लिहिताना तिची मान झटका बसल्यासारखी खाली जायची.

"सिट स्ट्रेट," मी म्हणाले.
"बसून तं राहिली मी. मानच हालते, आत्याआजी."

मला वाटलं, नाटकं.
दोन पानांची मी तीन केली.

पुढच्या महिन्यात ती शाळेच्या पायरीवरून कोसळली. अकोल्याच्या डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढला, पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायला पाठवलं. मग एकच प्रश्न विचारला.
"हिला तान्हेपणी गोवर झाला होता का?"

तेव्हा कळलं, एसएसपीई नावाचा आजार असतो. गोवराचा विषाणू काही लेकरांच्या मेंदूत दबून राहतो आणि काही वर्षांनी उठतो. फार क्वचित होतो, पण अगदी तान्हेपणी गोवर झाला असेल तर धोका जास्त. आवर घालायला काही औषधं आहेत, बरं करणारं नाही.

मनीषा म्हणाली, "पन आपन तं तिची एकही लस चुकवली नाही, डॉक्टर."
खरं होतं. गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असते. रेवा सात महिन्यांची होती. तोवर तिला वाचवायचं काम दुसऱ्यांच्या लशीचं होतं.

मी तिथेच म्हणाले, "मनीषा, तिला त्या घरात मी नेलं होतं."
ती म्हणाली,
"तू नसती नेली तं मीनं नेली असती, आत्या. मले तरी कुठं मालूम होतं."

पुढची दोन वर्षं सांगत नाही. आधी पाय गेले, मग बोलणं. शेवटी ती ओळखत होती का, हे मला माहीत नाही. मी मात्र तिच्याशी रोज फोनवर बोलले.

आता आज सकाळचं.

मनीषा आणि मी वलगावला आलो होतो. शांताकाकू भेटायला आल्या. कडेवर धाकट्या मुलाची लेक, नऊ महिने पूर्ण. गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई लशीसाठी दोनदा येऊन गेली, काकूंनी दोनदा परत पाठवली.
"सर्दी हाय तिले. आन् सुईनं तापते."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मनीषाने माझा हात धरला. ती काकूंच्या समोर बसली आणि दहीभाताच्या दिवसापासून सगळं सांगितलं. आवाज न चढवता. मला ते जमलं नसतं.

काकूंनी कपाळाला पदर लावला. "माह्याच घरून गेलं का वं बाई?"

"तुमाले माहीत नोतं, काकू. आता हाय," मनीषा म्हणाली. "साध्या सर्दीनं सुई अडत नाही. हे तापन दोन दिवस. माही दोन वर्स पडून होती."

काकू उठल्या. चप्पल घातली. उपकेंद्रात आज लसीकरण होतंच. रांगेत बसलो तेव्हा त्यांनी नात माझ्याकडे दिली. "ताई, तुमीच धरा. मले पाहावत नाही."

तीच माझी मांडी.

पोर सुई बसल्यावर गाव गोळा होईल इतकी रडली. मी ताठ बसले होते.

रेवा, आज आत्याआजी सरळ बसली होती, बरं.
जा म्हणवत नाही. ये बाळा.