ताईची सायकल आणि भाऊजींचं ग्रीस

माझ्या ताईच्या घरातला झोपाळा करकरत नाही. बडोद्यात झोपाळा नसलेलं मराठी घर एखादं सापडेल, पण मुका झोपाळा फक्त कारेलीबागेत, ताईकडे. त्याच्या कड्या, दारांच्या बिजागऱ्या, शिलाईचं मशीन, बाहेरचं फाटक, कशालाच आवाज नाही. मी मागच्याच सोसायटीत राहते आणि येता-जाता तिथे डोकावते. किती वेळा तरी मी थेट ओट्यापाशी जाऊन उभी राहिले आणि ताईच्या हातातलं भांडं पडलं. मग भाऊजी बाहेरून विचारणार, "कसला आवाज झाला?"

भाऊजी म्हणजे भास्करराव. कोयलीच्या रिफायनरीत पंपांच्या देखभालीत त्यांचा जन्म गेला. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं बेअरिंग काय म्हणतंय ते ऐकायचं, हे त्यांचं काम. आवाज आला म्हणजे दुखणं, आणि दुखण्यावर औषध एकच, ग्रीस. निवृत्त झाल्यावर हा दवाखाना त्यांनी घरी आणला. एकदा आमचे हे त्यांच्याकडे दुपारी आडवे झाले होते आणि घोरत होते. भाऊजी स्क्रू-ड्रायव्हर शोधायला उठले, असं ताई अजून शपथेवर सांगते.

रिफायनरीतून त्यांनी आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे परमिट. तिथे परमिटशिवाय कोणी नटाला पाना लावत नाही, आणि काम चालू असलेल्या यंत्रावर लाल टॅग लटकतो. टॅग ज्याने लावला त्यानेच काढायचा. ताईच्या मिक्सरवर हा टॅग एकदा इतका काळ लटकला, की घरातल्यांना चटणी म्हणजे काय ते आठवेना. स्वतः भाऊजींना मात्र घरात कधीच कोणाचं परमिट लागलं नाही.

तर ताईची सायकल. खरं म्हणजे ती तन्मयची, माझ्या भाच्याची. जाड खरबरीत टायरांची, डोंगरात चालवायची. तो जर्मनीला गेला आणि सायकल जिन्याखाली धूळ खात उभी राहिली. मग ताईचा गुडघा कुरकुरायला लागला. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. डॉक्टरांना वाटलं असेल, ही खोलीत उभी असते तसली आणेल. ताईने पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला गुंडाळली आणि जिन्याखालची बाहेर काढली. भाऊजींनी आक्षेप घेतले: गायी, रिक्षा, बस, उत्तरायणातल्या पतंगांचा मांजा, वय. "वय कोणाचं?" ताईने विचारलं. तिथेच आक्षेप संपले.

ताई रोज सकाळी कमाटीबागेपर्यंत जायला लागली. तिथे तिला सायकलवाल्या बायका भेटल्या, सगळ्या तिच्याच वयाच्या आणि तितक्याच हट्टी. त्यांनी ठरवलं, येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आजव्याला जायचं. तलावापर्यंत आणि परत. ताईच्या अंगात तेव्हापासून आजवा संचारला. मला फोन केला की आजवा, पोळ्या लाटताना आजवा. साठी उलटल्यावर ती स्वतःसाठी काही मागतेय हे मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला फार बरं वाटत होतं.

आता त्या सायकलीचं मागचं चाक टिकटिक करायचं. तसं ते करतंच. पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहावं आणि पायडल मारलं की चाकाने पकड घ्यावी, म्हणून मागच्या चाकाच्या पोटात फ्रीहब नावाचा भाग असतो. त्यात छोटे खटके असतात. आपले सायकलवाले त्यांना कुत्रे म्हणतात. हे कुत्रे आतल्या दात्यांवर टिकटिक करत घसरतात आणि पायडल मारताच दाता धरतात. ताई पायडल थांबवून गल्लीतून घराकडे यायची तेव्हा अख्ख्या सोसायटीला कळायचं.

भाऊजींना ते सहन होईना. त्यांनी महिनाभर कळ काढली, ही त्यांच्यापुरती तपश्चर्याच. मग एका दुपारी ताई भिशीला गेली असताना त्यांनी चाक काढलं आणि फ्रीहबच्या फटीतून, इंजेक्शनच्या सिरिंजने, पंपाला घालतात ते घट्ट ग्रीस ठासून भरलं. चाक गरगर फिरवून पाहिलं. आवाज बंद. रोगी बरा.

दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी होती. ग्रीस आणखी घट्ट झालं आणि कुत्रे त्यात रुतून बसले. चार रस्त्यावर, म्हणजे चौकात, सिग्नल सुटला, ताईने जोर लावून पायडल मारलं, ते रिकामंच फिरलं आणि ताई सायकलीसकट आडवी झाली. कोपर सोलवटलं, नेमका तोच गुडघा आपटला. भाजीवाला धावत आला आणि म्हणाला, "वाग्युं तो नथी ने, बा?" लागलं त्यापेक्षा आजीबाईंना म्हणतात त्या 'बा'चंच ताईला जास्त लागलं. 'बेन' म्हणाला असता तर काय बिघडलं असतं?

ती सायकल हाताने ढकलत घरी आली. भाऊजी फाटकात उभे होते. तिने सायकल जिन्याखाली लावली, आत जाऊन त्यांच्या खणातला लाल टॅग आणला आणि हँडलला बांधला. मग चहाला आधण ठेवलं.

मी नेमकी तेव्हाच तिथे डोकावले होते, भाऊजींचा चेहरा मी पाहिला. टॅग ज्याने लावला त्यानेच काढायचा, हा त्यांचाच नियम. तो मोडणं त्यांच्या रक्तात नाही. आजव्याचा रविवार जवळ येत होता, सायकल दुरुस्त करायचे हात घरातच होते आणि त्या हातांना मनाई होती. जिन्याखालून जाताना ते मागच्या चाकाकडे असे बघायचे, की मला हसूही यायचं आणि दयाही.

शेवटी त्यांनी मलाच गाठलं. "निरू, शालिनीला विचार ना, परमिट मिळेल का?"

"तुम्ही स्वतः विचारा की, भाऊजी."

"माझ्याशी ती फक्त मीठ कमी आहे का एवढंच बोलते."

मी मध्यस्थी केली. मेहुणी असते कशाला? ताईने दोन अटी घातल्या. एक, काम करताना मी समोर बसायचं, सेफ्टी ऑफिसर म्हणून. दुसरी, चाकाला काय झालं होतं ते आधी तोंडाने सांगायचं.

भाऊजी झोपाळ्यावर बसलेल्या ताईसमोर उभे राहिले. "अगं, ग्रीस मी भरलं होतं. आवाज बंद व्हावा म्हणून. तुला न विचारता. तू पडलीस ती माझ्यामुळे."

"ठाऊक आहे," ताई म्हणाली. "सिरिंज तुम्ही माझ्या केकच्या डब्यात ठेवली होती." आणि तिने उठून टॅग सोडला.

मग मात्र भाऊजींचे हात चालताना पाहण्यात मजा होती. पाठीमागचं गिअरचं चक्र धरून ठेवायला दुकानात हत्यार मिळतं, ते त्यांनी जुन्या साखळीचा तुकडा पट्टीला ठोकून घरीच केलं. चक्र उतरलं, आस निघाला, आत मोठी ॲलन की घालून फ्रीहब सुटला. रॉकेलने ग्रीस धुतल्यावर दिसलं, की कुत्र्यांच्या कडा गोल झाल्या होत्या आणि दातेही झिजले होते. तन्मयने पावागढच्या वाटांवर ती सायकल कमी पिदडली नव्हती. नुसतं धुऊन भागणार नव्हतं. भाऊजींनी झिजलेला दाता बोटाने चाचपला. "म्हणजे माझं ग्रीस नसतं तरी कधीतरी..." ते म्हणाले. मी सेफ्टी ऑफिसरच्या नजरेने पाहिलं. त्यांनी फ्रीहब पुसायला घेतला.

जुना फ्रीहब फडक्यात गुंडाळून आम्ही मांडवीत किशोरभाईंच्या सायकलच्या दुकानात गेलो. गर्दीत भाऊजींनी तो असा छातीशी धरला होता, जसं काही तान्हं मूल डॉक्टरकडे नेतायत. किशोरभाईंनी मापाला बसणारे दोन काढले. एक उचलून म्हणाले, "आ लई जाओ, काका. एकदम शांत छे. जराय अवाज नहीं आवे."

मी मनात म्हटलं, मिटलं. यांच्यासाठीच देवाने घडवला.

भाऊजींनी तो हातात घेतला, फिरवला, कानाशी नेला आणि काउंटरवर ठेवून दिला. "आ नहीं. पेलो आपो. अवाजवाळो."

त्यांनी मागितलेला तो दुसरा खणखणीत वाजत होता. मी पाहतच राहिले. परतताना स्कूटरवर मागे बसून मी विचारलं, "भाऊजी, बरं वाटत नाहीये का?"

त्यांनी स्कूटर आणखी हळू केली. मग रस्त्याकडे बघतच म्हणाले, "कोपऱ्यावर तिची टिकटिक आली की मी चहा टाकतो. रोज. त्या दिवशी मी फाटकात उभा होतो तो ऐकायलाच. आवाज येणार नाही, तो आपणच बंद केलाय, हे माहीत होतं. तरी येईना म्हणून जीव घाबरा झाला. आणि मग ती चालत आली." एवढं बोलून त्यांनी उगाचच हॉर्न वाजवला. मी हॉर्नच्या गोंगाटात डोळे पुसून घेतले. आमच्या ताईवर इतकं प्रेम करणारा हा माणूस, आणि ते ऐकायला मला मांडवीच्या गर्दीत यावं लागलं.

रविवारी ताई आजव्याला गेली. दुपारी मी भाऊजींकडे गेले, तर पंखा बंद, टीव्ही बंद. भाऊजी झोपाळ्यावर बसलेले, पण झोके न घेता. "वीज गेलीय का?" मी विचारलं. "श्शू," ते म्हणाले. मी आमच्या ह्यांच्याविषयी काही सांगायला लागले, तर पुन्हा "श्शू." मग मीही कान देऊन झोपाळ्याजवळ उभी राहिले. चहाचं पातेलं पाणी घालून, झाकून शेगडीवर तयार होतं.

आणि कोपऱ्यावरून आवाज आला. टिक टिक टिक, खणखणीत. भाऊजी असे उठले, की झोपाळा माझ्या पोटरीवर आपटला. आत शेगडी पेटल्याचं मी ऐकलं.

मी फाटकात गेले. ताई लालबुंद, घामाने भिजलेली, ओढणीचा पत्ता नाही. पायडलवर पाय स्थिर ठेवून, एकही फेरी न मारता ती कोपऱ्यापासून हळूहळू येत होती. पायडल मारलं की ती टिकटिक थांबते, म्हणून. इतकं फिरून आल्यावर, दमलेली असताना, गल्लीतला तो सपाट रस्ता ती कशीबशी तोल सावरत, नुसत्या राहिलेल्या वेगावर कापत होती. चाक जवळजवळ थांबायला आलं, तरी तिने पायडल मारलं नाही.

स्कूटरवरचं बोलणं मी तिला सांगितलं नव्हतं, असं मी भाऊजींना शपथेवर सांगितलं आहे. पण शेवटी मी तिची बहीण आहे.

"अहो," तिने फाटकातूनच हाक मारली, "चहा झाला का?"

"आत्ताच टाकला," आतून भाऊजी म्हणाले, "सहज."