तात्यापाऱ्याच्या शेवाळवाल्या मावशी

मावशी आधी हनुवटी धरून माणसाचा चेहरा उजेडाकडे वळवायच्या, मग नाव विचारायच्या. रायपूरच्या तात्यापारा या मराठी मोहल्ल्यातल्या त्यांच्या ओसरीवर उन्हाने करपलेली माणसं येत. रत्नागिरीची बहीण त्यांना समुद्रातलं वाळवलेलं शेवाळ पाठवायची. ते भिजवून, उकळून, मलमलीतून गाळलं की थंडगार, बुळबुळीत लेप तयार व्हायचा.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. नव्या शहरासाठी जमिनीची मोजणी चालू होती आणि मी मोजणीदार, दिवसभर उघड्या माळावर. मान, नाक सोलून निघालेलं. पहिल्याच दिवशी मावशींनी सुनावलं, "शेवाळ थंडावा देते, जादू नाही करत. बिनाटोपीचा फिरशीन तं मले काहून त्रास देतं?" मी टोपी घेतली. महिनाभरात मानेची आग थांबली, कातडीही मऊ झाली. नाकाशेजारचा एक लहानसा फोड मात्र भरेना.

तीन महिन्यांनी एका सकाळी लेपाचं भांडं त्यांनी बाजूला ठेवलं.

"आता मी हात नाही लावत. हे उन्हाचं नाही दिसून राहिलं. डॉक्टरले दाखव."

मी टाळाटाळ केली. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच रिक्षा घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सरची सुरुवात होती. छोट्याशा शस्त्रक्रियेत सगळं निघालं.

टाके निघाल्यावर मी पाया पडायला गेलो, तर त्यांचेच डोळे भरून आलेले. "तीन महिने माह्या बोटाखाली होतं रे. मले आधी समजाले पाहिजे होतं. माफ कर." त्यांच्यामुळे मी वाचलो, हे मी परोपरीने सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. तेव्हापासून तीन आठवड्यांत न भरलेल्या जखमेला डॉक्टरांची चिठ्ठी पाहिल्याशिवाय त्या लेप लावेनात. लोक रागावले, काही यायचे थांबले. मावशी बदलल्या नाहीत.

त्या वारल्या तेव्हा त्यांच्या घरच्यांना भेटायला गेलो. ओसरीवर माझ्या शेजारी एक अनोळखी बाई बसली होती. माझ्या नाकाशेजारचा व्रण तिने बराच वेळ पाहिला. मग पदर सरकवून कानाखालचा आपला व्रण दाखवत हळूच म्हणाली, "मुझे भी उन्होंने ही भेजा था, भैया."