सहाशे वर्षांचा मास्तर

शाळेच्या गोऱ्या साहेबांनी मला मुलाखतीला बोलावलं ते माझी लायकी पाहून नव्हे. हा माणूस अजून जिवंत कसा, हे त्यांना पाहायचं होतं. पण ते मला कळलं त्यांच्या टेबलासमोर उभा राहिल्यावर, म्हणजे फार उशिरा.

तेव्हा मी बीडच्या सरकारी मदरशात मुदर्रिस, म्हणजे मास्तर होतो. राज्य निजामाचं, शिकवायची भाषा उर्दू, आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. घर जवळच, पालीला. वडील शेतकरी, अक्षरओळख नाही. पण आपला मुलगा सरकारी मास्तर झाला हे पंचक्रोशीत कुणाला सांगायचं त्यांनी बाकी ठेवलं नव्हतं.

मला मात्र नसत्या चौकशांची खोड. पुण्याहून आलेल्या एका स्नेह्याने इंग्रजी वर्तमानपत्रातली जाहिरात दाखवली. घाटावरच्या एका निवासी शाळेला उर्दू आणि गणित शिकवणारा मास्तर हवा होता. तिथे म्हणे देशोदेशीची मुलं राहतात, कुणी बसऱ्याचा, कुणी झांजिबारचा, कुणी थेट विलायतेचा. झालं, माझी झोप उडाली. बसऱ्याचा मुलगा त्रैराशिकात कुठे अडत असेल? आमच्या पोरांसारखाच, की त्याची अडण्याची जागा वेगळी? हे मला कळायलाच हवं होतं, आणि बीडमध्ये बसून ते कळण्यासारखं नव्हतं.

अर्ज मी इंग्रजीतच लिहिला, पण आमच्या दफ्तरी रिवाजाने. सुरुवातीला साहेबांच्या दौलतीची वाढ मागितली, स्वतःला त्यांचा नम्र गुलाम म्हणवलं, मग जन्मसाल, शिक्षण आणि शेवटी पुन्हा दौलत. लिहून झाल्यावर दोनदा वाचला आणि स्वतःवर बेहद्द खूश झालो. महिन्याभरात बोलावणं आलं.

आमच्या सदर मुदर्रिसांनी, म्हणजे हेडमास्तरांनी, रजा नाकारली. "इंग्रजी मुलखात नोकरी शोधायला सरकार रजा देत नसतं. जायचं तर इस्तिफा ठेवून जा." मलाही राग पटकन येतो. तिथल्या तिथे इस्तिफा लिहून दिला. आता ती नोकरी मिळाली नाही तर परतायला मदरसा नव्हता आणि वडिलांना तोंड दाखवायला जागा नव्हती.

वडील गोठ्यात बैलांना वैरण टाकत होते.

"कावून जायचं तिकडं? हितं काय कमी हाय?"

"तिकडची पोरं बगायचीत मला."

"पोरं हितं न्हाईत व्हय? लई हायेत की."

त्यांनी हातातली पेंढी खाली टाकली आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद केलं. आईने भाकरी बांधून दिल्या, तेव्हा ते ओट्यावर पाठ करून बसले होते.

बैलगाडीने कडा गाव गाठलं. पुढे निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. तिथल्या कारकुनाने माझी पेटी उपसून काढली, पुस्तकं उलटी धरून झटकली आणि चटणीचं गाडगं हुंगून पाहिलं. "नोकरीला चाललो," म्हटल्यावर माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाला, "आन् न्हाई मिळाली तर, बे?" गाडी नगरला पोचेपर्यंत मी त्याला मनातल्या मनात उत्तरं देत होतो. एकही बरं जमलं नाही. नगरहून आगगाडी, मग घाटाचा टांगा, असं करत एकदाचा शाळेत पोचलो.

साहेब उंच, दाढी पिकलेली, नजर मिश्कील. हिंदुस्तानी चांगलं बोलत. माझा अर्ज समोर ठेवून त्यांनी विचारलं, "मास्तर, तुमचा जन्म कुठल्या बादशहाच्या वेळचा?"

मला काही उमगेना. त्यांनी जन्मसालावर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं तेराशेच्या घरातलं, आणि महिना बहमन. आमच्या राज्यात सगळा कारभार फसली सालाने चालायचा, आणि फसली साल इसवी सनाच्या जवळजवळ सहाशे वर्षं मागे. साहेबांच्या हिशेबाने मी सहाशे वर्षांचा म्हातारा होतो, आणि पुन्हा अर्जात लिहिलेलं, "प्रकृती उत्तम."

"शंभर अर्ज सारखेच होते," ते म्हणाले. "हा एकच माणूस पाहावासा वाटला."

म्हणजे मला गंमत म्हणून बोलावलं होतं! इस्तिफा देऊन, वडिलांचा अबोला घेऊन मी इतका लांब आलो तो तमाशा व्हायला! मी म्हणालो, "साहेब, आमच्या मुलखात हेच साल चालतं. तिथे तुमचं साल लिहिलं तर लोक म्हणतील, हा अजून जन्मायचाच आहे."

साहेब हसले नाहीत. त्यांनी मला सरळ वर्गात नेलं आणि म्हणाले, "शिकवा."

मी त्रैराशिकाचा धडा घोकून आलो होतो. पण समोरची ती नाना रंगांची, नाना तऱ्हेच्या नाकांची पोरं पाहिली आणि माझी जुनी खोड उफाळून आली. फळ्यावर मी माझ्या जन्माचा महिना, फसली साल आणि खाली चालू फसली साल लिहिलं आणि विचारलं, "तुमच्या घरी आज कोणतं साल आहे?"

इंग्रज मुलाने लगेच सांगितलं. बसऱ्याचा मुलगा यहुदी निघाला. त्याचं साल पाच हजारांच्या पुढचं, ते ऐकून बाकीची पोरं ओरडलीच. मस्कतच्या अरबाने हिजरी सांगितलं. झांजिबारच्या गुजराती मुलाला संवत आठवेना, मग दिवाळीच्या वहीपूजनावरून त्याने ते काढलं. आणि एक पारशी मुलगा माझ्या जन्माचा महिना पाहून जागेवरून उठलाच. "बहमन? सर, हा तर आमचा महिना आहे!" आता चकित व्हायची पाळी माझी. निजामाच्या दफ्तरातला महिना या पोराच्या देवघरात कसा पोचला? मी त्याला विचारू लागलो, तो मला विचारू लागला, आणि शिकवायला आलोय हे मी पार विसरलो. शेवटी भानावर येऊन म्हटलं, "आता प्रत्येकाने मास्तरांचं वय आपापल्या सालात काढा." सगळी खाली माना घालून बसली. हिजरीवाल्याचं उत्तर थोडं जास्त आलं आणि जास्त का आलं म्हणून तो भांडायला लागला. चंद्राचं वर्ष लहान असतं, हे त्याचं त्यालाच सापडलं.

साहेब मागच्या बाकावर बसून स्वतःही गणित करत होते. नोकरी मिळाली.

गावी परतून सांगितलं. आईला आनंद झाला, रडूही आलं. वडील उठून गोठ्यात गेले. निघायच्या सकाळी मात्र ते गाडीपर्यंत आले. जू नीट करता करता, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "परत कवा?"

"नाताळात."

"ते सायबाचं ऱ्हाऊ दे. आपल्या हिशेबानं सांग."

"हुरड्याला येतू."

त्यांनी मान डोलावली. एवढ्यावर मी सगळा घाट हसत चढलो.

नाताळात जवळची मुलं घरी गेली, पण समुद्रापलीकडची तिथेच राहिली, आणि त्यांच्याजवळ नवा मास्तर ठेवायचा अशी शाळेची रीत. येणं जमत नाही, असं घरी पत्र टाकलं. एव्हाना बसऱ्याच्या मुलाची अडण्याची जागाही कळली होती. बीडच्या पोरांची होती तीच. हे वडिलांना कधी सांगीन असं झालं होतं. पण रजा मिळाली ती थेट चैत्रात.

पालीला पोचलो तेव्हा सगळं रान मोकळं झालं होतं. ज्वारी कापून, मळून घरात आली होती. फक्त आमच्या शेतात, बांधाच्या कडेला, चटईएवढा तुकडा उभा होता. धाटं वाळून कडक झालेली, कणसं पाखरांनी केव्हाच रिकामी केलेली. मी वडिलांना विचारलं, हे कावून ठेवलं?

"हुरड्याला येतू म्हनलतास," ते म्हणाले. "तू आला न्हाईस. मंग हुरडा सरला कसा म्हनायचा?"

ते विळे आणायला घराकडे गेले आणि दोन घेऊन आले.