शून्य नंबरचं कार्ड

कारखान्यात तिला सगळे शंकासुर म्हणत. कुलूप स्वतःच लावायची आणि चार पावलांवरून परत येऊन ओढून बघायची. दारांवरच्या कार्डयंत्रांचं सॉफ्टवेअर तिच्याच हाती होतं.

भांडारातलं महागडं मीटर गेलं तेव्हा यंत्रात नोंद सापडली, दार शून्य नंबरच्या कार्डाने उघडलं. ते कार्ड एकट्या भांडारकाकांचं, आणि त्या दिवशी काका रजेवर. साहेबांनी बोलावताच काका मान खाली घालून म्हणाले, "मीच नेलं. काढून टाका मला."

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्या दिवशी काकांचा पाय मुरगळला होता, पलंगावरून उठता येत नव्हतं; तीच तर बघून आली होती. हा भला माणूस खोटं का बोलतोय? आणि यंत्र तरी खरं कशावरून?

तिने आपलंच कार्ड लावून पाहिलं. नोंद झाली शून्य! मग ती हात धुऊन त्या शून्याच्या मागे लागली. महिन्यापूर्वी तिनेच त्या यंत्रात नवं कर्नेल, म्हणजे मुळातला प्रोग्राम, घातलं होतं. ते वेळेचा आकडा आठ बाइटांत, म्हणजे आठ खणांत, देई. तो आकडा घेणारी सी भाषेची छोटी लायब्ररी, म्हणजे तयार सूचनांचा संच, मात्र जुनीच; त्या लायब्ररीने जागा धरली होती चार बाइटांची. उरलेले चार, नुसती शून्यं, आगंतुक पाहुण्यासारखे शेजारच्या घरात घुसत. तिथे कार्डाचा नंबर असे. तो पुसला जाई, मग दार कुणीही उघडो, नोंद शून्याचीच; आणि महिनाभर त्या नोंदी कुणी पाहिल्याच नव्हत्या. काखेत कळसा अन् गावाला वळसा! खरा चोर कोण, ते त्या नोंदींवरून आता कळणार नव्हतं.

तशीच ती काकांच्या घरी गेली. "काका, चोर सोडून संन्याशाला फाशी झाली हो! चूक माझी आहे. तुमचं कार्ड वापरल्याचा काही पुरावाच नाही. पण तुम्ही कबूल कशाला झालात?"

काकांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "कार्ड इथेच खुंटीवर होतं, पोरी. घरात मी आणि मुलगा. तो शपथ घेऊन सांगत होता, बाबा, मी हात लावला नाही. मी यंत्राचं खरं मानलं. आळ स्वतःवर घेतला, पण घराबाहेर काढलं त्याला."

"कुठे आहे तो?"

"काय माहीत. माझा फोन उचलत नाही."

तिने घाईघाईने मुलाचा नंबर विचारला आणि आपला फोन लावून त्यांच्या हातात दिला. अनोळखी नंबर पाहून मुलाने उचलला. काका म्हणाले, "बाळा..." आणि पलीकडून फोन बंद झाला.