बोसेडेची लेक कुणाची

मी आधीच सांगून टाकते, चिदिम्मा मला आवडत नाही. तिला बर्लिनला मोठं पारितोषिक मिळालं, लागोसच्या पेपरांत पहिल्या पानावर फोटो आला, सगळं खरं आहे. तरीही नाही आवडत. पण ही गोष्ट तिची नाहीये, तिच्या आईची आहे. बोसेडेची.

आम्ही जर्मनीत, कोलोनच्या काल्क भागात राहतो. खाली रस्त्याला लागून बोसेडेचं केसांचं दुकान आणि तिसऱ्या मजल्यावर आम्ही. माझे केस कुरळे, दाट आणि महाहट्टी. इथल्या सलूनमधल्या मुली माझं डोकं बघूनच घाबरायच्या. एकदा जिन्यात बोसेडेने मला अडवलं आणि म्हणाली, "हे कुणी केलं तुला? पोलिसात गेलीस का नाही?" तेव्हापासून माझं डोकं तिच्या ताब्यात आहे. आमचं बोलणं अर्धं जर्मन, अर्धं इंग्रजी आणि उरलेलं हातवाऱ्यांनी. ती मला 'माय सिस्टर' म्हणते, आणि खरं सांगायचं तर माझी सख्खी बहीण माझ्याशी इतकं बोलत नाही.

बोसेडे योरुबा. तिचा नवरा ओबिओरा इग्बो. नायजेरियातले हे दोन मोठे समाज. भाषा वेगळी, रीती वेगळ्या, आणि एकमेकांवर बोलायला लागले की आमच्या कोकणस्थ-देशस्थांनी शिकवणी लावावी. बोसेडेने घरच्यांच्या नाकावर टिच्चून लग्न केलं. बापाने तिचं नाव टाकलं. दोघं कोलोनला आली, चिदिम्मा झाली. ती सहा वर्षांची असताना ओबिओरा गोदामात काम करता करता कोसळला आणि गेला. नवऱ्याची बहीण अडाओबी इथेच, कोलोनमध्ये. तिने शोकसभेत सगळ्यांसमोर सांगितलं, "हिनेच खाल्लं माझ्या भावाला." आपल्याकडे पांढऱ्या पायाची म्हणतात ना, तेच. शव गावी गेलं, बोसेडेला सोबत नेलं नाही. मग ही योरुबा बायकांच्या मंडळाकडे गेली. मंडळाची अध्यक्ष मोदुपे म्हणाली, "त्यांच्यात गेली होतीस ना? मग आता रडायलाही तिकडेच जा."

तेलही गेलं आणि तूपही गेलं. बोसेडेच्या हाती राहिला कंगवा.

त्या कंगव्यावर तिने पोर वाढवली. दुकानाच्या मागच्या खोलीत चिदिम्मा अभ्यास करायची आणि पुढे आई लोकांच्या वेण्या घालायची. बारीक बारीक वेण्या, एकेका डोक्याला चार-पाच तास. बोसेडेची बोटं आता थंडीत वळत नाहीत. मुलीशी ती योरुबात बोलायची, मुलगी जर्मनमध्ये उत्तर द्यायची. त्यात काय नवल, माझी अन्वीसुद्धा 'जेवायला ये' म्हटलं की 'ग्लाइश, मामा', म्हणजे 'आलेच, आई', म्हणते. पण चिदिम्मा हुशार निघाली. नवजात बाळाला सिकलसेल आहे की नाही हे रक्ताच्या एका थेंबात सांगणारी स्वस्त तपासणी तिने शोधून काढली. तिशीच्या आत.

आता दुकानातली गंमत सांगते. तिथे इग्बो गिऱ्हाईक येतं, योरुबाही येतं, आणि शेजारी शेजारी बसली की यांचा एकच खेळ. देशातली पहिली अमुक कोण, पहिली तमुक कोण, आणि ती कुणाची. "ती न्यायाधीश आमची!" "डोंबलाची तुमची! जन्म आमच्या गावातला, तुमच्यात नुसतं लग्न झालं." "मग आडनाव कुणाचं लावते ती?" झालं, सुरू. मला हसू यायचं, कारण आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर तरी काय वेगळं चालतं? कुणा मुलीला काही मिळालं की अभिनंदनाच्या आधी विचारणार, 'माहेरचं आडनाव काय हो तिचं?' माझा नवरा चारुदत्त म्हणतो, तू तिथे केस करायला जातेस की तमाशा बघायला. दोन्हींसाठी जाते, त्याचं काय? बोसेडे मात्र त्या भांडणात कधी पडायची नाही. बाई मोठी झाली की दोन दोन गावं तिच्यासाठी भांडतात, आणि तीच विधवा झाली तेव्हा कुणी फिरकलं नव्हतं, हे तिच्याएवढं कुणाला ठाऊक होतं?

चिदिम्माला पारितोषिक मिळालं आणि त्या खेळात तिचंही नाव आलं. इग्बो म्हणाले, बाप आमचा म्हणजे लेक आमची. योरुबा म्हणाल्या, वाढवली कुणी? इग्बो मंडळाने पहिला डाव टाकला. कोलोनमधल्याच म्युल्हाइमचा मोठा हॉल घेतला, नायजेरियाहून गव्हर्नरचा माणूस येणार, लागोसहून टीव्हीवाले येणार, चिदिम्माचा जंगी सत्कार.

त्यांच्यात समारंभाला घरच्या सगळ्यांनी एकाच कापडाचे कपडे शिवायचे असतात. कापड घरी आलं तर तुम्ही घरचे. नाही आलं तर तुम्ही पाहुणे. या वेळी कापड लाल होतं. अडाओबीच्या घरी गेलं, तिच्या मुलांना गेलं, तिच्या ड्युसेलडॉर्फच्या मावससासूलाही गेलं. बोसेडेला आलं नाही. पार्सलवाला दिसला की ती हातातली वेणी सोडून दारात जायची. मी म्हटलं, "अगं, येणार नाही ते. कशाला जीव जाळतेस?" तर म्हणे, "पोस्टात अडकलं असेल."

आली ती मोदुपे. इतक्या वर्षांत जिने दुकानात येऊनही बोसेडेला कधी नावाने हाक मारली नव्हती, तिने चक्क मिठी मारली. "आमची लेक! आमच्या लेकीची लेक!" आणि पिशवीतून निळं कापड काढलं. योरुबा बायका निळ्यात येणार होत्या, बोसेडेला पुढे घालून. ती गेल्यावर बोसेडे मला म्हणाली, "तिला मी नकोय गं. मी दाखवायला हवीय." मग घेतलंस कशाला, असं मी विचारलं. "दुसरं कुठलं कापड आलंय मला?"

सत्काराच्या आदल्या दिवशी चिदिम्मा वेण्या घालून घ्यायला आली. मी तिथेच होते, डोक्याला तेल चोपडून बसले होते, म्हणून शब्द न् शब्द ऐकला.

"ममी, उद्या निळं घालून येऊ नकोस," चिदिम्मा म्हणाली.

"मग लाल दे."

"ते आंटी अडाओबी वाटतेय. माझ्या हातात नाही."

बोसेडेने पुढची बट घेतली. वेणी घालत राहिली. मग चिदिम्मानेच सांगितलं. बापाच्या गावी तिला बाळांचं इस्पितळ काढायचंय. जमीन गावाची, आणि अडाओबीच्या शब्दाशिवाय गाव ती देणार नाही. स्टेजवर आईच्या खुर्चीत अडाओबी बसणार, असं ठरलंय. "एका दिवसाचा प्रश्न आहे, ममी. हे बघ, समजून घे ना."

"बसू दे तिला," बोसेडे म्हणाली. "मी मागे बसेन. पण तू माझं नाव घे. स्टेजवरून, एकदाच. 'माझी आई बोसेडे.' बास. दुसरं काही मागत नाही मी."

"बघते," चिदिम्मा म्हणाली.

बघते! बोसेडे काय हिच्याकडे बँकेचं कर्ज मागायला आली होती? माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, पण बोसेडेने आरशातून माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी बोसेडेने मला सोबत नेलं. एकटीने जाववत नव्हतं तिला. निळं नेसली होती, आणि त्यावर गळ्यापर्यंत बटणं लावलेला करडा कोट. हॉलमध्ये गर्दीने उकडत होतं. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण कोट काही उतरवेना. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. स्टेजवर चिदिम्मा लाल कपड्यात, आणि शेजारी आईच्या खुर्चीत अडाओबी, गळ्यात पोवळ्यांच्या माळा. चिदिम्मा त्या वेण्यांत राणी दिसत होती, उगाच कशाला खोटं बोलू?

भाषणाची सुरुवात तिने इग्बोत केली. चार वाक्यं पाठ केली होती. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. बोसेडेला एक अक्षर कळलं नाही, पण सगळ्यांत जोरात टाळ्या तिने वाजवल्या. मग चिदिम्माने आभार मानले. वडिलांचे. बापाच्या आईचे, जिला ती जन्मात भेटली नव्हती. प्रोफेसरांचे, कोलोन शहराचे. मग आंटी अडाओबीचे, "जिने मला आईची माया दिली." त्या अडाओबीने या पोरीला कधी साधी पेन्सिल दिली नव्हती! बोसेडे पुढे झुकून ऐकत होती. प्रत्येक नावानंतर तिचा चेहरा वाट बघायचा. भाषण संपलं. तिचं नाव आलं नाही.

मोदुपे ताडकन उठली. बोसेडेच्या कळवळ्याने नाही, तो गैरसमज नको. योरुबांचं नाव राहिलं म्हणून. तिच्यामागे निळ्या बायका उठल्या. "हिची आई इथे बसलीय! खरी आई!" असं ओरडत तिने बोसेडेला दंडाला धरून उठवलं आणि भर हॉलमध्ये तिच्या कोटाची बटणं ओढून उघडली. आतलं निळं कापड सगळ्यांना दिसावं म्हणून. बोसेडे दोन्ही हातांनी कोट धरून ठेवत होती. मी मध्ये पडले, तर मोदुपेने मला कोपराने ढकललं. लाल रांगांमधून शिट्ट्या, आरडाओरडा. "भाड्याची आई आणलीय!" कुणीतरी ओरडलं. टीव्हीवाला कॅमेरा घेऊन धावला. सूत्रसंचालकाने माइक बोसेडेच्या तोंडासमोर धरला. "मॅडम, सांगा. डॉक्टर चिदिम्मा तुमची मुलगी आहे का?"

बोसेडेने स्टेजकडे पाहिलं. मीही पाहिलं. चिदिम्माने एक शब्द बोलायचा होता. माइक तिच्याही समोर होता. ती हातातले कागद सारखे करत बसली.

"नाही," बोसेडे म्हणाली. "मी तिचे केस करते."

असं हसले लोक! अडाओबी माइकजवळ वाकून म्हणाली, "केस मात्र छान केलेत हं, बाई," आणि पुन्हा हशा. चिदिम्माही हसली. थोडंसंच, पण हसली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, म्हणून तर म्हणते, मला ती आवडत नाही.

परतताना ट्राममध्ये माझा संताप आवरेना. "थोबाडीत मारायला हवी होतीस कार्टीच्या!" मी मराठीतच ओरडले. कळलं तिला बरोबर. म्हणाली, "जमीन मिळेल आता तिला." तेवढ्यात तिचा फोन वाजला. चिदिम्माचा आभाराचा मेसेज होता, 'दांके, ममी. तू ग्रेट आहेस.' तो तिने मला दाखवला. दोनदा दाखवला. आणि हसत होती हो, वेडी बाई!

तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. 'योरुबांनी खोटी आई उभी केली' म्हणून इग्बोंनी महिनाभर चेष्टा केली. मोदुपेच्या बायकांनी दुकानात यायचं बंद केलं, जाता जाता एकीने दाराच्या काचेवर थुंकलं. माहेराहून, इबादानहून भावाचा फोन आला, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. आनंदाने उचलला तिने. त्याने एवढंच विचारलं, "पोटच्या पोरीला नाही म्हणालीस? आई आहेस की कोण?" आणि ठेवून दिला. तिला इथे ओळखणाऱ्या प्रत्येकाला खरं काय ते ठाऊक होतं. तरी गप्प राहणंच सगळ्यांच्या सोयीचं होतं. चारुदत्त म्हणाला, "आपल्याला काय करायचंय त्यांच्या भांडणात?" त्या दिवशी मी त्याच्याशी जेवणापुरतंही बोलले नाही.

जमीन मिळाली. इस्पितळ उभं राहिलं. गेल्या आठवड्यात मी दुकानात गेले, तर बोसेडे बॅग भरत होती. कंगवे, केसांची गंगावनं, तेलाच्या बाटल्या. चेहरा असा फुललेला की मला वाटलं, लॉटरी लागली.

"चिदिम्माने तिकीट पाठवलंय," ती म्हणाली. "उद्घाटनाला नेतेय मला. ओबिओराच्या गावी! त्याला पुरलंय ती माती मी अजून बघितली नाही, सिस्टर. आता बघेन."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, शेवटी पाझर फुटला पोरीला. "म्हणजे आता सांगणार ना ती सगळ्यांना?"

"छे गं. तिथे सगळ्यांनी व्हिडिओ बघितलाय. केस करणारी म्हणूनच नेतेय. बाकीच्या नोकरांबरोबर मागच्या घरात राहायचं आणि सकाळी तिच्या वेण्या नीट बांधून द्यायच्या. पाच दिवस रोज सकाळी, सिस्टर! इतकी तर ती इथेही येत नाही." तिने बॅगेची चेन ओढली. "फक्त लोकांसमोर तिला मॅडम म्हणायचं. माझ्या तोंडून चुकून 'बाळा' जाईल, याची तिला धास्ती वाटतेय."

मग ती आरशासमोर उभी राहिली, मान थोडी खाली घातली, आणि म्हणून बघितलं. "येस, मॅडम." पुन्हा एकदा, जरा हळू. "गुड मॉर्निंग, मॅडम." आणि वळून मला विचारलं, "नीट येतंय ना गं?"

काय सांगणार मी तिला? कपाळ? "येतंय," म्हटलं.